आधी टायर मोज

तुझा संदेश रविवारी सकाळी वाचला. फोटो पाहिले. १९९९ ची कॉर्वेट, सहा गिअरची मॅन्युअल, डेट्रॉइटच्या उपनगरातल्या तुझ्या घरासमोर उभी. गाडी देखणी आहे आणि ती तू स्वतःच्या कमाईने घेतलीस याचा मला मनापासून आनंद झाला. पण फोटोखालचं वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. ‘मॅडम, मागचा ३.४२ चा रेशो काढून ४.१० टाकतोय. गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय, पुढच्या महिन्यात गाडी सोडतो. आशीर्वाद असू द्या.’

आशीर्वाद मिळणार नाही.

मी विचारलं, ४.१० च का? तू लिहिलंस, सगळे म्हणतात गाडी एकदम बदलून जाते. मी टॉर्कचा आलेख मागितला, तर तू सायलेन्सरच्या आवाजाचा व्हिडिओ पाठवलास. मागच्या टायरचं माप विचारलं, तर ‘बघून सांगतो’. गाडी दारात उभी आहे, दोन हात लांब, आणि टायरचं माप तुला बघून सांगावं लागतंय! हा रेशो ठरवणारी मागच्या धुऱ्यातली दात्यांची जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, बदलायला निघालेल्या माणसाला टायरचा घेर तोंडपाठ हवा. तो माहीत नसेल तर ३.४२ काय आणि ४.१० काय, ते दुकानातल्या डब्यावर छापलेले आकडे आहेत.

तू आमच्या पॉलिटेक्निकला होतास तेव्हा तुझी वही मी पुढच्या बॅचच्या मुलांना दाखवायचे. प्रत्येक उत्तरापुढे एकक, प्रत्येक आकृतीला माप. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द तुझ्या जर्नलमध्ये मी एकदाच लाल शाईने खोडला, पुन्हा तो कधी दिसला नाही. तोच मुलगा आज मागचा अख्खा सांगाडा उतरवायला निघालाय आणि कारण काय, तर सगळे म्हणतात. मला राग गाडीचा नाही, पैशाचाही नाही. तुला हे गणित येतं आणि तू ते केलं नाहीस, याचा आहे.

आता नीट बस आणि वाच.

तुझ्या मित्राने हे काम केलं आणि तो खूश आहे, असं तू लिहिलंस. त्याची गाडी ऑटोमॅटिक आहे हे मला तिसऱ्या फोटोत दिसलं. तुला ते रोज दिसतं, तरी त्याचा अर्थ लागला नाही. त्या काळच्या ऑटोमॅटिक कॉर्वेटला कारखान्यातून २.७३ चा मागचा रेशो यायचा, जास्तीचे पैसे भरले तर ३.१५. गिअर चारच: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. पहिल्या-दुसऱ्यात केवढी दरी आहे बघ. सहा हजार आरपीएमला पहिला गिअर सोडला की इंजिन थेट बत्तीसशेवर येतं. वर २.७३ असल्यामुळे पहिला गिअर ताशी ९२ किलोमीटरपर्यंत चालतो आणि दुसरा १७२ पर्यंत. एका गिअरने ९२ ते १७२ एवढा पल्ला ओढायचा म्हणजे मधे गाडी सुस्तावणारच. त्याने ३.४२ टाकला, प्रत्येक गिअरची ओढ २५ टक्क्यांनी वाढली, गाडीत जीव आला. त्याचं बरोबर आहे.

पण तो बदलून पोचला कुठे? ३.४२ वर. तुझी गाडी ३.४२ वरच जन्मली! मित्राने औषध घेऊन जी तब्येत मिळवली ती तुझ्या गाडीला मुळातच आहे, आणि तू त्याचं औषध दुप्पट करून घ्यायला निघालायस.

तुझा गिअरबॉक्सही वेगळा आहे. २.६६, १.७८, १.३०, १.००, ०.७४, ०.५०. हे आकडे नुसते वाचू नकोस, एकाला दुसऱ्याने भाग. सहा हजाराला पहिला सोडलास की दुसऱ्यात चार हजारावर येतोस. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलास की त्रेचाळीसशे ऐंशीवर. तिथून चौथ्यात सेहेचाळीसशेवर, पाचव्यात साधारण चव्वेचाळीसशेवर. आणि तुझ्या एलएस१ इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, ४७५ न्यूटन-मीटर, कुठे येतो? चव्वेचाळीसशेला. म्हणजे गिअर बदलला की इंजिन नेमकं जिथे दमदार आहे त्याच्या आसपास उतरतं. हे योगायोगाने होत नाही. बोलिंग ग्रीनच्या कारखान्यातून ती गाडी बाहेर पडण्याआधी कॉर्वेटचे मुख्य अभियंते डेव्ह हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच जुळवलं. त्यांचं चुकू शकतं, मीही मानते. पण त्यांची चूक काढायची तर आधी त्यांनी काय केलं ते समजून घ्यावं लागतं.

आता ४.१० ची ही दंतकथा कुठून आली तेही सांगते. १९६३ च्या कॉर्वेटला मागचा रेशो निवडता यायचा. ३.०८ पासून ३.३६, ३.५५, ३.७०, ४.११ करत ४.५६ पर्यंत. तेव्हाच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये शेवटचा गिअर १.०० चा, म्हणजे थेट. त्याच्यावर ओव्हरड्राइव्ह नाही. मग सगळा भार मागच्या धुऱ्यावर. शर्यतीला जायचं तर ४.११ घ्या आणि हायवेला ११० च्या वेगात साडेतीन हजार आरपीएमचा गोंगाट सोसा, नाहीतर ३.०८ घ्या आणि सुरुवातीच्या ओढीवर पाणी सोडा. त्या माणसांना खरोखर एक काहीतरी निवडावं लागायचं, आणि ज्यांनी ४.११ निवडला त्यांनी त्याच्या गोष्टी सांगितल्या. गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या चार गिअरच्या गाड्यांच्या होत्या. तुझ्या गाडीला सहा गिअर आहेत आणि सहावा ०.५० चा आहे. हायवेला ११२ च्या वेगात तुझं इंजिन जेमतेम पंधराशे फेरे घेतं. ४.१० टाकलास तरी अठराशेच होतील. म्हणजे पेट्रोल फार जळेल ही जी भीती तू लिहिलीस तीही फुकाची. फायदा जसा ऐकीव, तसा तोटाही ऐकीव. दोन्हीकडे तू पेन्सिल उचलली नाहीस.

ती आता मी उचलते.

तुझा मागचा टायर कारखान्याच्या मापाचा असेल तर २७५/४० आणि अठरा इंची रिम. २७५ चे ४० टक्के ११० मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे २२०, त्यात रिमचे ४५७. व्यास ६७७ मिलिमीटर, घेर २.१३ मीटर. सहा हजार फेऱ्यांना गिअर आणि मागच्या रेशोने भाग, घेराने गुण, साठने गुण, हजाराने भाग. ३.४२ वर तुझा पहिला गिअर ८४ ला संपतो, दुसरा १२६ ला, तिसरा १७२ ला, चौथा २२४ ला. ४.१० वर पहिला ७० ला, दुसरा १०५ ला, तिसरा १४४ ला, चौथा १८७ ला.

हे दोन रकाने वहीत शेजारी शेजारी लिही आणि त्यांच्याकडे दोन मिनिटं बघ. तुला काही दिसतंय का?

७० ते ८४ या पट्ट्यात तुझी आत्ताची गाडी अजून पहिल्या गिअरमध्ये आहे आणि ४.१० ची गाडी दुसऱ्यात गेलीय. पहिल्याचा एकूण रेशो २.६६ गुणिले ३.४२, म्हणजे ९.१०. तिकडे १.७८ गुणिले ४.१०, म्हणजे ७.३०. कोण जास्त ओढतंय? १०५ ते १२६ मध्ये तू दुसऱ्यात, ६.०९ वर. ती तिसऱ्यात, ५.३३ वर. १४४ ते १७२ मध्ये तू तिसऱ्यात, ४.४५ वर. ती चौथ्यात, ४.१० वर. १८७ पासून २२४ पर्यंत तू चौथ्यात, ती पाचव्यात. या सगळ्या पट्ट्यांत गाडी न बदललेला माणूस पुढे आहे! टॉर्क वरच्या फेऱ्यांना उतरतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक या आकड्यांइतका राहणार नाही, पट्ट्याच्या शेवटी तर जवळजवळ मिटेल. पण पट्ट्याच्या बहुतेक भागात दिशा तीच राहते.

मधल्या पट्ट्यांत ४.१० पुढे आहे हेही लिही. ८४ ते १०५, १२६ ते १४४, १७२ ते १८७. तिथे तिला गुणोत्तरात २० टक्के जास्त मिळतात, आणि ते खरे आहेत. मी तुला खोटं सांगून घाबरवत नाही. पण तुझ्या डोक्यातलं चित्र असं होतं की ४.१० टाकला की सगळीकडेच २० टक्के मिळतात. ते चित्र चूक आहे. एकदा ती पुढे, एकदा तू पुढे, आणि वर जावं तसे तुझे पट्टे रुंद होतात, तिचे अरुंद. शिवाय शून्यापासून १६० गाठायला तुला दोनदा गिअर बदलावा लागतो, तिला तीनदा. क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ गाडीला कोणी ओढत नाही.

याच्या मुळाशी जे आहे ते तुला दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं. चाकावरची ओढ म्हणजे चाकापर्यंत पोचलेली पॉवर भागिले वेग. तुझ्या इंजिनाचे ३४५ हॉर्सपॉवर म्हणजे २५७ किलोवॉट. वाटेत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग यांनी १३ टक्के खाल्ले असं धर. ताशी १०० च्या वेगाला तुझ्या चाकावर जास्तीत जास्त आठ हजार न्यूटन येऊ शकतात. क्राउन-पिनियन कुठलंही बसव, त्याच्या वर एक न्यूटन येणार नाही. मागचा रेशो पॉवर बनवत नाही. इंजिन आपल्या सगळ्यात चांगल्या फेऱ्यांवर कुठल्या वेगाला येईल, एवढंच तो ठरवतो. तुझ्या डोक्यात तो पॉवरचा भाग होऊन बसलाय.

राहिला पहिला पट्टा, शून्य ते ७०. तिथे ४.१० सलग पुढे असायला हवी, नाही का? ‘गाडी बदलून जाते’ हे लोक म्हणतात ते तिथलंच. मग तेही मांडू. ४७५ गुणिले ९.१०, त्यातून नुकसान वजा, भागिले चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. साधारण अकरा हजार चारशे न्यूटन. आता टायर किती झेलेल? गाडी आणि तू मिळून १,५४० किलो धरू, त्यातलं जवळजवळ निम्मं मागच्या चाकांवर. सुटताना वजन मागे सरकतं ते धरून मागच्या टायरवर नऊ हजार न्यूटनच्या आसपास दाब येतो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची पकडही साधारण तेवढीच. म्हणजे कारखान्यातून आलेली तुझी गाडी पहिल्या गिअरमध्ये आत्ताच टायरला झेपेल त्यापेक्षा जास्त ढकलतेय! ४.१० टाकलास की ते साडेतेरा हजार होतील. वरचे दोन हजार कुठे जाणार? धुरात. नव्या टायरच्या रबरात. आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या थंड, ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली की मागची बाजू तुझ्या हातातून जाईल, ते वेगळंच.

पाठीला बसणारा धक्का म्हणजे वेग नव्हे. शरीराला बदल कळतो, ओढ किती वेळ टिकली ते कळत नाही. आवाज लवकर चढतो, गिअर लवकर बदलावा लागतो, गाडी तडफदार वाटते. ड्रॅगच्या पट्टीवर घड्याळ लावलं की काय उरतं ते बघ. गाडी बदलून आलेला माणूस त्या धक्क्याचंच वर्णन करतो आणि खरं तेच सांगतो. त्यात त्याचा दोष नाही. ते ऐकून तू गणित सोडलंस, दोष तिथे आहे.

माझं पटत नसेल तर त्याच कंपनीने पुढे काय केलं ते बघ. २००१ मध्ये त्यांनी झेड०६ ही कॉर्वेट काढली. आधी ३८५ हॉर्सपॉवर, पुढच्या वर्षी ४०५. त्यांना तुझ्या गाडीपेक्षा आक्रमक, ट्रॅकवर नेण्यासारखी गाडी हवी होती. मागचा रेशो काय ठेवला? ३.४२! त्याला हातही लावला नाही. बदलले ते गिअरबॉक्सचे आतले आकडे: २.९७, २.०७, १.४३, १.००, ०.८४, ०.५६. चौथा सोडून सगळे गिअर आखूड केले, इंजिन जास्त फेऱ्यांना तग धरेल असं केलं आणि मागे २९५/३५ चा रुंद टायर लावला. त्या टायरचा व्यास तुझ्यापेक्षा तेरा मिलिमीटरने कमी आहे, म्हणजे ३.४२ चा परिणाम ३.४९ सारखा होतो. टायरसुद्धा रेशो बदलतो, क्राउन-पिनियनला पाना न लावता! म्हणून मी टायरचं माप विचारलं होतं.

आणखी एक हिशेब करून बघ, रस्त्यावर तू तो कधीच वापरणार नाहीस आणि वापरूही नकोस. तुझी गाडी कमाल वेगाला, साधारण २८० ला, पाचव्या गिअरमध्ये असते. तेव्हा इंजिनाचे फेरे किती? साडेपाच हजाराच्या जरा वर. आणि एलएस१ ची पॉवर शिखरावर कधी येते? ५,६०० ला. ३.४२ तिथे बरोबर बसतो. हवेला कापण्याच्या शेवटच्या क्षणी इंजिन जवळजवळ आपल्या शिखरावर असतं. ४.१० वर पाचवा गिअर २५२ ला संपतो. सहाव्यात गेलास तर २८० ला इंजिन साडेचार हजारावर, शिखराच्या बरंच खाली, आणि तिथे हवेला पुरेल एवढी पॉवर नाही. हे मी तुला कुठे चढवायला सांगत नाही, कोणीतरी किती विचार करून तो आकडा लिहिला होता ते दाखवतेय.

आता गॅरेजवाल्याविषयी. त्याने तुला ‘एका दिवसाचं काम’ सांगितलं, असं तू लिहिलंस. कॉर्वेटच्या या पिढीत गिअरबॉक्स पुढे इंजिनाला नाही, मागे डिफरन्शियलला चिकटलेला असतो. मधे लांब नळी आणि तिच्यातून इंजिनाच्याच वेगाने फिरणारा शाफ्ट. क्राउन-पिनियनपर्यंत पोचायला मागचा अख्खा सांगाडा खाली घ्यावा लागतो. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनची जुळणी, सगळं. ते उतरवणं आणि चढवणं एका दिवसात होईलही. क्राउन-पिनियन बसवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला घाई चालत नाही.

तुला आठवतंय का, वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुन्या ट्रकचं डिफरन्शियल स्टँडवर होतं? मी तुला रेशो शोधायला सांगितला होता. तू पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण केलीस, उजवा ड्रम हाताने एक फेरी फिरवलास आणि उत्तर लिहिलंस. निम्मं आलं. तू डावा ड्रम मित्राला धरायला सांगितला होतास. एक बाजू धरली की फिरणारी बाजू दुप्पट फिरते आणि हिशेब निम्म्यावर येतो. मी तुला उत्तर सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, हात कुठे आहेत ते बघ. तू पाऊण तास तिथे उभा राहिलास. जेवायची सुट्टी गेली. मग एकदम धावत आलास, हाताला ग्रीस, ‘मॅडम, दोन फेऱ्या मोजायच्या!’ त्या दिवशी मला वाटलं होतं, हा मुलगा मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार नाही.

त्याच स्टँडवर तुला पिनियनच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलायला लावल्या होत्या. दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर आला पाहिजे. टाचेकडे गेला तर वेगळी दुरुस्ती, पंजाकडे गेला तर वेगळी. पिनियन आत सरकवायचा की बाहेर ते ठशावरून ठरवायचं, मग बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजायचा. बहुतेक मोटारगाड्यांत तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. एक शिम बदलली की ठसाही हलतो आणि बॅकलॅशही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा, पाच वेळा. ज्याला हे जमतं त्याचा धुरा बोलत नाही. ज्याने घाई केली त्याच्या गाडीतून ८० च्या वेगाला कोल्हेकुई ऐकू येते आणि मग ती कधीच जात नाही, कारण दात चुकीच्या जागी घासून बसलेले असतात. गॅरेजवाल्याला विचार, ठसा कसा बघतोस, गेज दाखव, जुन्या कामाचा फोटो दाखव. त्याला राग आला तर गाडी तिथून परत आण.

आणि ४.१० चं पिनियन बघायला माग. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दात असले तर पिनियनला दहा. ३.४२ मध्ये त्याच ४१ ला बारा. त्याच आकाराच्या घरात दातांची संख्या कमी म्हणजे पिनियन लहान, त्याची मान बारीक. तू त्याच्यावर जास्त मार टाकायला निघालायस आणि भाग आधीपेक्षा नाजूक बसवतोयस.

मी हो कधी म्हणेन तेही सांगते, म्हणजे म्हातारीला नाहीच म्हणायचं होतं असं वाटायला नको. तू कॅमशाफ्ट आणि हेड बदललेस, इंजिनाची पॉवर सहा हजाराच्या पुढे सरकली आणि खालचा टॉर्क पातळ झाला, तर ३.७३ ला अर्थ आहे. कधी मोठा टायर बसवलास तर तेवढा रेशो भरून काढायला अर्थ आहे. साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर वर्षातून चार वेळा जातोस म्हणालास. तिथे एखाद्या वळणाच्या मधोमध तुला गिअर बदलावा लागत असेल, आणि थोडासा आखूड रेशो तो बदल वळणाआधीच संपवत असेल, तर ते सगळ्यात चांगलं कारण. तसं कारण घेऊन ये, मी स्वतः तुझ्याबरोबर बसून आकडा काढीन. ३.७३ निघाला तर ३.७३, ३.९० निघाला तर ३.९०. ४.१० निघाला तरी मला चालेल. पण तो निघाला पाहिजे. तू तो आधी लिहिलास आणि मग त्याच्यासाठी कारणं गोळा करत फिरलास.

म्हणून गॅरेजवाल्याला आज फोन कर आणि पुढच्या महिन्याची तारीख रद्द कर. सामान मागवलं नसशील तर मागवू नकोस. मागवलं असशील तर डबा उघडू नकोस, तो परत जाईल.

मग एक कोरी वही घे. फोनमध्ये लिहू नकोस, वहीत लिही. दोन रकाने मी वर दिलेत, पण माझे आकडे उतरवायचे नाहीत, स्वतः काढायचे. तिसरा रकाना ३.७३ चा. टॉर्कचा आलेख मिळव आणि प्रत्येक रेशोसाठी वीस-वीस किलोमीटरच्या टप्प्याने चाकावरची ओढ काढ. तिन्ही रेषा एकाच कागदावर, वेगवेगळ्या रंगात. त्यावर टायरच्या पकडीची आडवी रेघ मार. त्या रेघेच्या वर जे काही आहे ते खोड. पुढच्या वेळी जिंजरमनला गेलास की प्रत्येक वळणातून बाहेर पडतानाचा वेग आणि गिअर लिहून आण, नुसती वेळ नको.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी कामावरून आलास की कपडे न बदलता बाहेर जा. हवेचा दाब गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आहे, तेवढा आहे ना ते बघ. मागच्या टायरला खडूने खूण कर, तिच्या बरोबर खाली रस्त्यावर दुसरी. गाडी न्यूट्रलमध्ये टाक, शेजाऱ्याला हाक मार, तू आत बसून गाडी सरळ धर आणि त्याला ढकलू दे. टायरवरची खूण पुन्हा खाली येईपर्यंत. एक फेरी नको, तीन फेऱ्या, म्हणजे चूक तीनने भागली जाईल. टेप लाव. आलेला आकडा तीनने भाग आणि मला मिलिमीटरमध्ये पाठव. छापील मापावरून मी २,१२७ काढलाय. गाडीच्या वजनाने टायर दबतो, त्यामुळे तुझा त्यापेक्षा कमी यायला हवा. तो किती कमी आला ते मला उद्या सकाळी हवंय.